चार्टप्रमाणे

७ जुलै, सोमवार. संध्याकाळ.
भाविकाच्या शाळेत नवीन खूळ. कॉम्प्युटेशनल थिंकिंग. म्हणजे मोठ्या प्रॉब्लेमचे बारके तुकडे करायचे आणि एकेक सोडवायचा. रूपाली मॅडम सातवीतून एकालाच पालघरच्या स्पर्धेला पाठवणार. निवड शुक्रवारी, पहिल्या तासाला. पोरीला जायचंच आहे. जेवताना तेच चाललं होतं. म्हटलं, काळजी सोड. तुझा बाप एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर आहे, दिवसभर हेच करतो. चंद्रकांता म्हणाली, मग बाथरूमचा नळ गळायचा कधी थांबणार? बायकोला थिंकिंग कळत नाही.

८ जुलै, मंगळवार.
निवडीसाठी भाविकाने स्वतःच एक विषय शोधला होता. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळावरची गर्दी कशी कमी करायची. मी बाद केला. फार साधा. त्याऐवजी तिच्या आख्ख्या आठवड्याचा चार्ट काढला. चौकोनात काम, बाणापुढे पुढचं काम. उठणे, दात, अंघोळ, डबा, रिक्षा. फ्रिजवर लावला. असं डोकं कंपनीने ओळखलं असतं तर एव्हाना मॅनेजर असतो.

९ जुलै, बुधवार.
पोरगी फार प्रश्न विचारते. दूध आधी की दात आधी? रिक्षा आली नाही तर? शेवटी सुनावलं, कॉम्प्युटर प्रश्न विचारतो का? लिहिलंय तेवढं मुकाट्याने करायचं. तोंड पाडून बसली. शिस्त लागायला वेळ लागतो. चंद्रकांताने ओरडून उठवणंही आजपासून बंद.

१० जुलै, गुरुवार.
चार्ट फक्कड चाललाय. चंद्रकांता बहिणीकडे सफाळ्याला गेली. जाताना म्हणाली, उद्या निवड आहे, पोरीला वेळेवर पाठवा. मी नुसतं फ्रिजकडे बोट दाखवलं. एकदा सिस्टिम लागली की माणसाची गरज राहत नाही.

११ जुलै, शुक्रवार. दुपार.
मासेवाली साखरबाई घिवलीहून सुके बोंबील घेऊन आली, तिने दार ठोकलं तेव्हा जाग आली. तिनेच विचारलं, पोर घरात कशी, साळंत नाय गेली? बरी हाय ना? घड्याळ बघितलं. पहिला तास कधीच संपला होता. भाविका गणवेश घालून खाटेवर बसलेली. म्हणाली, मी उठवलं होतं पप्पा, तुम्ही झोपेतच म्हणालात, चार्ट बघ. चार्ट बघितला. शुक्रवारच्या चौकोनात माझ्याच अक्षरात: सुट्टी. निवांत झोपणे.
आता आमच्या कंपनीला सुट्टी शुक्रवारी. शेजारच्या कंपनीला पण. आख्खी बिल्डिंग झोपलेली. अशात शाळेची सुट्टी रविवारी असते हे कोणाच्या लक्षात राहणार? पोरगी खूप रडली. मलाही फार वाईट वाटलं. पण माझी चूक म्हणता येणार नाही.

१२ जुलै, शनिवार.
मॅडमना जाऊन भेटतो म्हटलं. भाविका नको म्हणाली. फ्रिजवरचा चार्ट काढून घेतला आणि एकटीच शाळेत गेली. आली ती उड्या मारत. मॅडमनी आणखी एक संधी दिली, तिने चार्ट दाखवला, निवड झाली. माझा चार्ट! मॅडम काय म्हणाल्या विचारलं तर म्हणे, पालघरला या, कळेल. सेकंड शिफ्टला सगळ्यांना सांगितलं. खंडेरावला दोनदा, कारण त्याचा माझ्या डोक्यावर विश्वास नाही.

२० जुलै, रविवार. पालघरहून परत.
रजा टाकून गेलो. नवा शर्ट. पुढची रांग. एका बाजूला चंद्रकांता, दुसऱ्या बाजूला खंडेराव, त्याला मुद्दाम नेलं. भाविकाने चार्ट फळ्यावर लावला आणि विषय सांगितला: सूचनांमधली चूक कशी शोधावी. शुक्रवारचा चौकोन लाल केलेला. बाकीचेही बरेच लाल होते. रिक्षा आली नाही तर काय, याला बाणच नव्हता म्हणे. हॉल हसत होता. चंद्रकांता पदर तोंडाला लावून हसत होती.
परीक्षकांनी विचारलं, हा चार्ट बनवला कोणी? खंडेराव माझ्याकडे वळला. भाविकाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, नेटवरून घेतला, सर.
परीक्षक म्हणाले, हल्ली नेटवर कोणीही उठतो आणि काहीही टाकतो.
मी मान डोलावली.