हळू चालण्याच्या शर्यतीची निरवानिरव

या घरात चिकटपट्टी वापरून झाल्यावर तिचे टोक कोणीही दुमडून ठेवत नाही. लग्नाला सत्तावीस वर्षे झाली, मुलगी चोवीस वर्षांची झाली, मी तोंडी, लेखी आणि एकदा संस्कृतातही विनंती करून पाहिली. तरी आजही गुंडाळी हातात घेतली की ते टोक नखाने शोधत बसावे लागते, आणि सापडलेच तर ते उभे फाटते. मनुष्यजन्माचा एवढा काळ या शोधात गेल्यावर उरलेल्याची व्यवस्था वेळेवर लावलेली बरी, हे ध्यानी घेऊन मी, खाली सही करणार, वय वर्षे चोपन्न, धंदा वार्ताहर, संस्कृत घेऊन एम. ए. झालेला व त्याबद्दल घरात ‘पंडित’ म्हणून चिडवला जाणारा, पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने, दुपारच्या दुसऱ्या चहाखेरीज कशाचाही अंमल नसताना, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते येणेप्रमाणे.

मला कोणताही आजार नाही. हे मुद्दाम नमूद करतो, कारण पत्नीने टेबलावरच्या कागदाचे शीर्षक वाचले, माझी नाडी पाहिली, आणि रविवारसाठी खुर्च्यावाल्याला फोन केला का असे विचारले. ती रक्तपेढीत नोकरीला आहे. घाबरणे तिला जमत नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे तीन खोल्या, गच्चीचा जिना आणि मधला लांब पॅसेज, माझ्या पश्चात पत्नीचे. अट एकच. पॅसेजच्या फरशीवर आडव्या चिकटवलेल्या अकरा पांढऱ्या पट्ट्या काढू नयेत आणि नव्या फरशीचा विषय माझ्या तेराव्या वर्षश्राद्धापर्यंत काढू नये.

या पट्ट्यांचे कारण असे. माझ्या वडिलांना पार्किन्सन्स होता. चालता चालता दाराशी आले की त्यांचे पाय जमिनीत रुतल्यासारखे थांबत. आम्ही ओढायचो, ढकलायचो, समजूत घालायचो, उपयोग शून्य. मग व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले की सपाट जमिनीवर न उचललं जाणारं पाऊल रेघ दिसली की ती ओलांडायला उचललं जातं, आणि तोंडाने ठेका धरला तर आणखी चांगलं. पट्ट्या मी चिकटवल्या. ठेका म्हणून मी संस्कृत विभक्ती सुचवल्या. बाबांनी तीन पावले त्या म्हणून पाहिल्या आणि चौथ्या पावलाला सांगितले की यापेक्षा पडलेलं परवडलं. त्यांनी पाढे निवडले. त्यानंतर ते घरभर बे एके बे करत हिंडले. बाराच्या पाढ्यापर्यंत चाल उत्तम असे. एकोणीसच्या पाढ्यात अडले की जागीच थांबत, आणि घरातल्या कोणीतरी स्वयंपाकघरातून ‘एकशे तेहतीस’ असे ओरडून त्यांना पुढे सोडावे लागे.

कलम २. बँकेतील शिल्लकही पत्नीची. ती किती आहे हे तिला माझ्याहून अधिक चांगले ठाऊक असल्याने इथे आकडा लिहून हसे करून घेत नाही.

कलम ३. बाबांची कामावरची शेवटची नोंदवही ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला. सोबत माझे भिंग, कारण त्याविना तिचा उपयोग नाही. बाबा पाणीखात्यात मीटर वाचत. घरोघर जायचे, उकिडवे बसायचे, मीटरची काच पुसायची, आकडा टिपायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचे अक्षर बारीक होऊ लागले. आधी मुगाएवढे, मग मोहरीएवढे. तो आजाराचा पहिला खुणेचा दगड होता, पण खात्यातल्या साहेबांनी त्यांना भर सभेत उभे करून कागद वाचवण्याबद्दल शाबासकी दिली आणि इतरांना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितले. दोन महिने अख्खे खाते मोहरीएवढ्या अक्षरात लिहीत होते. आम्ही घरीही पेढे वाटल्यासारखे ते सगळ्यांना सांगत सुटलो. यात साहेबांना दोष देऊन मी सुटू शकत नाही.

कलम ४. शब्दकोश, सहा खंड, वजन उचलून पाहावे: भावोजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना. ते वाचणार नाहीत. वाचावे अशी इच्छाही नाही. घरात जागा अडावी, एवढाच हेतू. कारण कलम ५ मध्ये.

कलम ५. शर्यत. ही माझी खरी मालमत्ता.

बाबा असताना एकदा काका, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, निवृत्त ड्रिलमास्तर, त्यांच्यासोबत पॅसेजमध्ये चालत होते. सवयीने काका पुढे गेले, टोकाला पोचले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. बाबा सातव्या पट्टीवर होते. ते म्हणाले, “हरलास. तुझं चालणं संपलं. माझं अजून चालू आहे.”

बाबांना जाऊन नऊ वर्षे होतील. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी आम्ही या वाक्याची शर्यत केली. पाण्याच्या टाकीच्या फाटकापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत दीडशे पावले. जो सर्वांत शेवटी पोचेल तो जिंकला. थांबला तो बाद, मागे सरकला तो बाद. गावातले दुकानदार आपापल्या आवडीच्या स्पर्धकामागे दर मिनिटाला अमुक अशी देणगी बोलतात. त्या देणगीवर दवाखान्याच्या मागच्या खोलीत आठवड्यातून दोनदा चालण्याचा वर्ग भरतो. फरशीवर पट्ट्या आहेत, ठेक्याला ढोलकी आहे, फिजिओथेरपिस्ट बाई आहेत, आणि चौदा रुग्ण येतात.

हे चौदा जण शर्यतीत पंच असतात, कारण हळू चालण्यातले त्यांच्याइतके कोणाला कळत नाही. ते फार कडक आहेत. त्यांत शिवणकाम करणाऱ्या एक आजी आहेत, त्यांना सगळे ‘हायकोर्ट’ म्हणतात. मागच्या वर्षी काकांना त्यांनी निम्म्या वाटेत घरी पाठवले. “मास्तर, बाद,” त्या खुर्चीतून म्हणाल्या. “तुम्ही पाय उचलला नाहीत. नुसता विचार केलात.”

नियमावली माझ्या हातची, भाषा निर्दोष, पण कालमर्यादा घालायची राहिली. परिणामी पाचव्या वर्षी काका आणि भावोजी दोघेच उरले आणि दवाखान्याच्या पायरीपासून वीतभर अंतरावर अकरा वाजता पोचले. पाऊण वाजला तरी दोघेही तिथेच होते. दोघेही चालत होते, हे हायकोर्टाने भिंग लावून पाहिले. रुग्ण जेवून आले. ज्यांना दवाखान्यात जायचे होते ते दोघांच्या मधून वाट काढून गेले. भावोजींच्या मागे मिनिटाला भरघोस बोली बोललेला टायरवाला आधी ‘शाब्बास’ म्हणत होता, मग घड्याळ पाहू लागला, मग त्यांच्या कानाशी लागून म्हणाला, “साहेब, घरी मुलं आहेत हो माझी.” शेवटी पावणेदोनला काकांना प्रचंड शिंक आली आणि त्या धक्क्याने ते पायरीवर गेले. भावोजी जिंकले. शिंकेच्या अगोदर टायरवाला तपकिरीची डबी उघडून वाऱ्याच्या बाजूला उभा होता असे काकांचे म्हणणे आहे. आपणहून न आलेली शिंक धरू नये असा त्यांचा अर्ज चार वर्षे प्रलंबित आहे. टायरवाल्याने मात्र शब्द पाळला, आणि त्या एका शिंकेपर्यंतच्या वेळावर वर्ग वर्षभर चालला.

सबब हा वाद मी असा मिटवतो: फिरता पेला काकांना, पेल्याचे झाकण भावोजींना. एकाकडे दुसऱ्याशिवाय काही शोभणार नाही. दोघांनी वर्षातून एकदा तरी एकमेकांच्या घरी जावे.

कलम ६. शिटी आणि नियमावली मुलीला. ती लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि सावकाश होणाऱ्या कुठल्याही गोष्टीकडे दुरुस्ती करायच्या नजरेने पाहते. तिने कालमर्यादेचे कलम घालावे. बाकीच्या भाषेला हात लावू नये. आत्या पाठीशी उभी राहणार असेल तरच आपण शिटी घेऊ, असे तिने मला बजावले आहे, म्हणून पुढचे कलम.

कलम ७. ताई. ताई शाळेत ग्रंथपाल आहे. टाकीवाल्यांची परवानगी, खुर्च्या, देणगीदारांचे पत्ते, सगळे तिच्या कापडी पिशवीत असते. ती पिशवी आली नाही तर शर्यत होत नाही, आणि शर्यत झाली नाही तर वर्ग बंद. गेल्या महिन्यात ती पिशवी घेऊनच घरी आली, चहा नको म्हणाली, आणि तेव्हाच मला कळले की आज गाठ तिच्याशी आहे.

तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत देतो, म्हणजे मी ते मऊ केले असा आरोप नको. “पंडित, दर वर्षी दोनशे माणसं बाबांची चाल करून दाखवतात आणि त्यावर टाळ्या पडतात. आजाराच्या आधी अठ्ठावन्न वर्षं बाबा चालले. ते कुणाला सांगितलंस कधी?”

मी चार मुद्द्यांत उत्तर दिले. मूळ विनोद बाबांचाच, हा पहिला मुद्दा. रुग्ण स्वतः हसतात, हा दुसरा. हसण्याशिवाय देणगी येत नाही, हा तिसरा. चौथा आत्ता आठवत नाही, पण तो वजनदार होता. तिने सगळे ऐकून घेतले आणि “संपलं?” एवढेच विचारले. मग अट घातली. या रविवारी शिटी वाजायच्या आधी मी चार ओळी वाचायच्या: बाबा धडधाकट होते तेव्हा कसे चालत. तेवढे केले तर ती या वर्षी येईल, माझ्या पश्चातही मुलीच्या पाठीशी उभी राहील. नाही तर पिशवी घरी राहील.

“चारच ओळी,” ती जिना उतरताना म्हणाली. “तू तर टाकी धुतली तरी अर्धा रकाना लिहितोस.”

अट मला मान्य आहे, असे इथे लेखी देतो.

कलम ८. माझ्या वृत्तपत्रातील उपसंपादकास माझा जुना चष्मा. गेल्या वर्षी मी ‘हळू चालण्याची शर्यत उत्साहात’ अशी बातमी पाठवली. त्याने ती माझी चूक समजून ‘वेगवान शर्यत उत्साहात’ असे शीर्षक दिले, आणि दुसऱ्या दिवशी बूट घातलेले तीन धावपटू चौकशीला आले. माझी निधनवार्ता मी लिहून खणात ठेवली आहे. तिच्यातला दुसरा परिच्छेद कापू नये. पहिला कापला तरी चालेल, त्यात फक्त माझ्या पदव्या आहेत.

कलम ९. माझी अंत्ययात्रा नेहमीच्या वेगाने न्यावी. तिला शर्यतीचे नियम लागू नाहीत. काका त्या वेळी हयात असतील तर त्यांना गाडीत बसवावे.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पत्नीने करावी. कोणी वाद घातल्यास तिने त्याच्याकडे पाहावे, तेवढे पुरते.

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचून, समजून, दोन ठिकाणी हसून सही केले असून साक्षीदारांनी माझ्या समक्ष व मी त्यांच्या समक्ष सह्या केल्या आहेत. काकांना साक्षीदार व्हायचे होते. पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, हे दाखवल्यावर त्यांनी पेला नको, सही करू द्या, असा हट्ट धरला. मग पेला पाहून आले आणि विचार बदलला.

सही: (पंडित)

साक्षीदार १: फिजिओथेरपिस्ट बाई. (सही. शेजारी टीप: ‘पाठ ताठ ठेवून बसावे.’)

साक्षीदार २: शेजारचे कुलूपवाले. (सही.)

स्थळ: आमच्या स्वयंपाकघरातील टेबल, खिडकीकडची बाजू.

दिनांक: शर्यतीच्या आधीचा मंगळवार, दुपारी साडेचार.

ता. क. सह्यांच्या खाली लिहिलेल्या मजकुराला कायद्यात किंमत नसते, म्हणून हे इथे लिहितो. त्या चार ओळी झालेल्या नाहीत. महिनाभर रोज कागद घेऊन बसतो. डोळे मिटले की बाबा येतात ते पॅसेजमधून, एकेक पट्टी ओलांडत. त्याच्या आधीचे येत नाहीत. चौतीस वर्षे मी त्यांना धडधाकट पाहिले. दिवसाला शंभर घरे करणारा माणूस भरभर चालत असणार, हे मला तर्काने कळते. दिसत काही नाही. हात कसे हलायचे, मान वर असायची की खाली, आम्हाला मागे टाकून जायचे की थांबायचे, काही नाही. काकांना विचारले तर ते उठून चालून दाखवू लागले, आणि काकांसारखेच चालले. ताईला आठवत असणार, पण तिला विचारायचे म्हणजे तिचे म्हणणे खरे होते हे सांगायचे. ते सांगायला मी तयार आहे. मला काळजी वेगळीच आहे. आठ वर्षे मी बाबांची आठवण म्हणून जे चालवले, त्यानेच माझे बाबा माझ्याकडून पुसले गेले असावेत.