नहरीच्या तोंडावर स्लॅब टाकू नये

मी, पुंजाराम कचरू दाभाडे, वय पंचाहत्तर, राहणार बेगमपुरा, औरंगाबाद, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. माझा मुलगा रामकिसन 'म्हाताऱ्याला चळ लागला' असे सांगत फिरतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याने तो दोनदा वाचावा.

१. राहते घर रामकिसनला. अट एकच. अंगणात जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या नहरीचे तोंड आहे, त्यावर स्लॅब टाकू नये. गाडी उभी करायला दुसरी जागा बघावी. स्लॅब टाकला तर घर गौहरचे.

२. गौहर ही करीमची बायको. करीम आणि मी पाणी खात्यात नहर साफ करायचो. एकाने खाली उतरायचे, दुसऱ्याने तोंडावर बसायचे. वरच्याने दगडावर पहारीचे तीन ठोके द्यायचे. खालून तीन आले की माणूस ठीक आहे. चार आले की तो वर येतोय, दोर सोडा. आणि माणूस खाली असेपर्यंत तोंड सोडायचे नाही.

३. मे १९८१ मध्ये मी ते सोडले. खालून तीन ठोके आले होते, ऊन लई होते, मी चहाला गेलो. परत आलो तर आत गाळ ढासळलेला, आणि ठोक्याला जवाब नाही. मी भ्यालो. साहेबांना सांगितले, करीम वर आला आणि वैजापूरच्या गाडीत बसून निघून गेला. सगळ्यांनी मानले. गौहरनेही. शाळेत आया म्हणून राबून तिने लेक वाढवली आणि अठ्ठावीस वर्षे नवऱ्याला शिव्या दिल्या. मी तिच्या दारावरून मान खाली घालून जायचो. थू माझ्या जिंदगानीवर.

४. अठ्ठावन्नाव्या वर्षी खात्याने शाल-नारळ देऊन घरी बसवले. रामकिसन म्हणाला, "दादा, आता निवांत पडून ऱ्हावा." चार महिने पडून राहिलो. पेपरातल्या लग्नाच्या जाहिरातीसुद्धा पाठ झाल्या. मग मुद्दाम हे घर घेतले, कारण करीम उतरला ते तोंड याच अंगणात आहे. तोंडावर जाऊन बसलो आणि सवयीने तीन ठोके दिले.

खालून तीन आले.

पळायला पाहिजे होते, पण पाय उचलला नाही. तेव्हापासून रोज सकाळी बसतो. ठोके ज्या बाजूने येतील तिथे माणसे लावून उकरले की गाळ तुंबलेला सापडायचा. अशी अकरा ठिकाणी नहर मोकळी झाली, आळीतल्या चाळीस घरांच्या हौदांना पाणी आले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत जे जमले नाही ते या सतरा वर्षांत झाले. करीमचा मात्र माग लागला नाही.

५. पहार, दोर आणि बसायचा दगड गौहरला. परवा तिला सगळे खरे सांगितले. ती रडली नाही. म्हणाली, "मैं उसकू भगोड़ा बोलती रही, पुंजाराम भाई. हटो वहाँ से." माझ्या जागेवर बसली, पहार उचलली, तीन ठोके दिले.

सतरा वर्षे तीनच यायचे. परवा चार आले.

६. म्हणून ही घाई. सह्या झाल्या की आम्ही दोर सोडणार. माझे काहीही झाले तरी गौहरला तिथून कोणी उठवू नये. तीही यंदा अठ्ठावन्नची, शाळेने तिला नुकतेच घरी बसवले. या कामाला तेच वय बरे. वकील म्हणतात, जिला द्यायचे तिची साक्ष चालत नाही. म्हणून ती आत आलेली नाही, अंगणात बसली आहे.

औरंगाबाद, ता. १४ मे २००९
सही: पुंजाराम कचरू दाभाडे

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:

१. आशाबाई निकाळजे, शेजारीण

२. कडूबा सोनवणे, चहावाले. आमची सही व्हायच्या आत गौहरबीनं दोर सोडला. दोर ताणलाय. पुंजारामदादा बाहेर धावले, मी बी चाललो.