एकच घागर

पंचवटी, नाशिक
३ मे २०२४

ती. नानांना,

तेजस्विनीचा नमस्कार. मी इकडे बरी आहे. आईंच्या गुडघ्याला तेल लावणे चालू आहे ना? निकिता भर दुपारी बाहेर हिंडत असेल तर तिला दटावा, माझे नाव सांगा.

हे सगळे फोनवर विचारता आले असते. पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि निकिता शेजारीच बसलेली असते. काही गोष्टी तिच्यासमोर बोलता येत नाहीत. खरे तर तुमच्यासमोरही येत नाहीत. कागदावर जमतील असे वाटते.

लॅबचे काम जमते आहे. सकाळी रक्त द्यायला येणारी माणसे उपाशीपोटी असतात, त्यामुळे चिडलेली असतात. काल एक आजोबा म्हणाले, "हळू टोच पोरी, एवढंच उरलंय." सगळे हसले, मीही हसले. जूनअखेर शिकणे संपले की नांदगावच्या केंद्रावर लावू, असे सर म्हणतात. लॅब शालिमारला आहे. रिक्षा पुलावरून जाते तेव्हा मी मोबाइलमध्ये बघत राहते. घाट दिसू नये म्हणून. माघात आपण सगळे तिथेच उभे होतो.

खोली गच्चीखालची आहे, खूप तापते. घरमालकीण यशोदाबाई खाली राहतात. गच्चीवर त्यांच्या कुरडया वाळत आहेत, कबुतरे हाकलायचे काम माझ्याकडे आहे. आपली गच्ची यंदा मोकळीच असेल. दुःखाच्या वर्षात करायच्या नसतात, हे मला माहीत आहे, तरी आईंनी चीक शिजवायला घेतला असेल असे एकदा वाटून गेले.

संध्याकाळ मात्र जात नाही. एका माणसाचा स्वयंपाक मला येत नाही, वरण रोज उरते.

तुम्ही रविवारी विचारलेत, आखाजीला येतेस ना. मी म्हणाले, अक्षय्य तृतीयेला लॅब चालू असते, रजा मिळते का बघते. नाना, रजा मी मागितलीच नव्हती.

खोलीत फ्रिज नाही आणि नळाला दुपारी कढत पाणी येते. म्हणून मागच्या आठवड्यात कुंभारवाड्यात माठ घ्यायला गेले. एकटीला मोठा काय करायचा, म्हणून ढिगातला एक लहान, लाल बघून मीच उचलला. कुंभारीण म्हणाली, "एकच का?" मी म्हणाले, "एकच." तिने माझ्याकडे जरा पाहिले आणि भाव न करताच पैसे कमी घेतले. मला वाटले, बाई भली आहे.

परवा यशोदाबाई वर आल्या तेव्हा मी त्यातलेच पाणी पीत होते.

"अगं तेजू, ही तर आखाजीची घागर. पिण्याचा माठ असा असतो होय? तुमच्याकडे भरत नाहीत का?"

"भरतात. पण आणतात सासरे. दोरा गुंडाळलेली, वर डांगर ठेवलेली, तेवढीच पाहिली आहे. नुसती ओळखू आली नाही."

त्या हसायलाच लागल्या. "भरतात कोणाच्या नावाने?"

"आजेसासऱ्यांच्या."

"मग मिस्टर आले की सांगतेच त्यांना. बायकोने तुमच्या आजोबांचं पाणी पिऊन टाकलं म्हणावं. आखाजीनंतर येणारेत ना?"

हे मीच त्यांना सांगितले होते. खोली बघायला आले तेव्हा त्यांनी विचारले, मिस्टर कुठे असतात, आणि मी म्हणाले, नांदगावला. कपाळाला टिकली होतीच. ती काढायची नाही असे आईंनीच बजावले होते. नंतर ते सोपे होत गेले. कधी त्यांना कांद्याचे काम असायचे, कधी गाडी बिघडलेली असायची. इथे कोणालाच काही माहीत नाही, म्हणून इथे ते होते. नोकरीसाठी आले हे खरे आहे. पण रजा का मागितली नाही, त्याचे कारण हे आहे. एकदा त्यांच्या नावाने घागर भरली की ते पितरांत जातात.

परवा मात्र पेला हातात असताना खोटे बोलता आले नाही. मी म्हणाले, "ते येणार नाहीत. माघात गेले. यंदा घागर त्यांच्याच नावाची आहे."

यशोदाबाईंनी माझ्या हातातला पेला घेऊन विसळला आणि पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "लेक कोणाजवळ आहे?"

"सासूसासऱ्यांजवळ."

"म्हणजे तू नाही गेलीस तर बाप भरणार मुलाची घागर?"

हे माझ्या मनातही आले नव्हते. मी माझेच बघत होते. तुम्ही रविवारी तेच विचारत होतात, आणि मी रजेचे सांगत बसले.

काल रजा मागितली, मिळाली. गुरुवारी दुपारच्या गाडीने येते. शुक्रवारी रोहितची घागर तुम्ही भरू नका. फक्त आणून ठेवा. मी आणि निकिता भरू. बायकांनी भरलेली चालते का, हे भाऊबंदांना विचारू नका, विचारले की ते नाही म्हणतील. डांगर मी इथून आणते, इथले फळवाले खरबूज म्हणतात ते, जाळीचे, गोड बघून. निकिता विचारेल, पप्पा हे पाणी कधी पिणार. काय सांगायचे ते अजून सुचलेले नाही. गाडीत सुचेल.

कुंभारणीने पैसे का कमी घेतले तेही आता कळते, तिला वाटले असेल मी कोणाच्या तरी नावाची नेते आहे. इथली घागर मी टाकून देणार होते. यशोदाबाई म्हणाल्या, "राहू दे, आता उष्टी झालीच आहे. पी." म्हणून पिते आहे. पाणी चांगले गार होते.

आईंना नमस्कार, निकिताला पापा.

आपली सून,
तेजस्विनी

नावाच्या आधी सवयीने 'सौ.' लिहिले गेले होते, ते खोडले आहे. शाई तेवढी पसरली.