कॉलरवर परक्या रश्शाचा डाग

पोर्तो, बोंफिं
शुक्रवार, जेवणानंतर (कालच्या जेवणाचं पुढे सांगतो)

प्रिय आर्मिंदुदादा,

इथूनच वाकून नमस्कार करतो. गुडघे जेवढं वाकू देतात तेवढा गोड मानून घे. तुझी साखर, तुझा खांदा आणि भुवईवरची ती जुनी खूण, सगळं जागच्या जागी असेल अशी आशा आहे. माझं ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा उत्साही आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात रोज चाला. आता या गावात चालायचं म्हणजे चढायचं, आणि नगरपालिकेची पाण्याची मीटरं वाचत मी इथले सगळे चढ चाळीस वर्षं चढलोय, हे त्या पोरीला कोण सांगणार! माझ्या देओलिंदाचाही तुला नमस्कार. (ती सध्या माझ्याशी बोलते. हे कालपासून.)

तुझं पत्र पोचलं. चार पानांपैकी पावणेचार पानं फ्रेंच जावयाच्या तक्रारी, आणि शेवटी सहज टाकल्यासारखी एकच ओळ, की ऑगस्टात त्याला घेऊन येतोय, खरी फ्रांसेझिन्या कुठे खायला घालू ते कळव. दादा, त्या एका ओळीने माझ्या संसाराला काडी लावली. तुला फ्रान्सात राहून विसर पडला असेल, पण पोर्तोच्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो. ज्याची त्याची खानावळ बाप्तिस्म्यापासून ठरलेली असते. माझी लग्नापासून ठरली, कारण बायकोच्या थोरल्या बहिणीचंच कॅफे. दर रविवारी दुपारी एक वाजता आल्बेर्तिनाताईच्या खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही दोघं, समोर एकेक फिनो बिअर, आणि ती फ्रांसेझिन्याची वाफाळती थाळी. पावाच्या दोन जाड तुकड्यांत हॅम, दोन जातींची सॉसेजं आणि मांसाचा काप कोंबलेला, वरून वितळलेल्या चीजचं पांघरूण, त्यावर अंडं, आणि सगळं बुडेल इतका रस्सा. अडतीस वर्षं मी त्या रश्शाला नावं ठेवली नाहीत. नावं ठेवणाऱ्याचं काय होतं ते तुझ्या भुवईला विचार.

तर मी म्हटलं, दादाने विश्वासाने विचारलंय, डोळे झाकून उत्तर देणं बरं नाही, चार ठिकाणी चौकशी करावी. (हे मी स्वतःला सांगितलं. खरं कारण पुढे येईल, घाई करू नकोस.) म्हणून एका मंगळवारी, दातांच्या डॉक्टरकडे जातो सांगून, मी मार्केसच्या चौकामागच्या ‘आंदोरिन्या’मध्ये शिरलो. खांबाआडचं टेबल धरलं. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने नव्हे. नुसती खाऊन उठलो असतो तर जिभेचा पाय घसरला म्हणून सुटलो असतो, पण मी वेटरला हाक मारून आणखी रस्सा मागितला, आणि आपल्या गावात परक्या कॅफेत आणखी रस्सा मागणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. पुढच्या मंगळवारी दुसरा दात दुखला. मग तिसरा. माझ्या तोंडात खरे दात एकूण तीनच आहेत हे देओलिंदाला माहीत होतं, मलाच मोजायचं सुचलं नाही.

चौथ्या मंगळवारी घरी आलो तर तिने मला खिडकीशी उजेडात नेलं, कॉलर धरली आणि डागाचा वास घेतला. म्हणाली, “हा ताईचा रस्सा नाही.” मी म्हटलं, टोमॅटो आहे गं, बाजारात धक्का लागला. “टोमॅटोत बिअर नसते. पोर्ट वाइन नसते. आणि तमालपत्राचा हा एवढा घमघमाट? आंदोरिन्यात जाऊन आलात तुम्ही!” मग खुर्चीत बसून तिने पदराने, म्हणजे ॲप्रनने, डोळे पुसले. “दुसरी बाई असती तर मी समजून घेतलं असतं हो. माणूस आहे, म्हटलं असतं. पण दुसरी फ्रांसेझिन्या?”

पुढचे आठ दिवस मला सकाळ-संध्याकाळ उकडलेला कॉडमासा आणि उकडलेला कोबी मिळाला, आणि तोही न बोलता. बुधवारी ती तेवढी बोंफिंच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावायला बाहेर पडायची. नवव्या दिवशी कोबी चावता चावता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॉलरच्या नुसत्या वासावरून या बाईने आंदोरिन्या ओळखलं कसं? मी काटा खाली ठेवून विचारलं, “देओलिंदा, या वर्षी तू मेणबत्त्या किती लावल्यास गं?” ती जी लाल झाली, दादा, आमच्या लग्नातसुद्धा झाली नव्हती. मी मंगळवारचा आणि ती बुधवारची! त्याच खांबाआड, त्याच टेबलावर! मग आम्ही दोघंही एवढं हसलो की शेजारच्यांनी भिंत ठोकली, आणि त्याच संध्याकाळी, म्हणजे काल गुरुवारी, चोरून जाण्याचा कंटाळा आलेल्या सभ्य नवराबायकोसारखे, हातात हात घालून उघडउघड तिथे गेलो.

आता ते खरं कारण. जानेवारीत ताई तापाने पंधरा दिवस आडवी होती. उठली, कॅफे उघडलं, पण तेव्हापासून रस्सा एका रविवारी समुद्रासारखा खारट, तर पुढच्या रविवारी मुरंब्यासारखा. नेहमीची माणसं एकेक करून नाहीशी झाली. तिला सांगायची कुणाची छाती होईना. आम्ही दोघं पावाने थाळी पुसून ‘वा ताई’ म्हणायचो आणि घरी येऊन लोटाभर पाणी प्यायचो. अगदी लाज वाटते लिहिताना.

तर आम्ही आंदोरिन्यात शिरलो, आणि आमच्या खांबाआडच्या टेबलावर, चर्चला जायचा काळा कोट घालून, आल्बेर्तिनाताई! समोर थाळी, दोनच घास खाल्लेले, आणि ती वरून मीठ टाकतेय, टाकतेय, मग तिखट टाकतेय, एक घास घेतेय, पुन्हा मीठ. आम्ही जवळच्या खुर्च्यांत बसकण मारून तोंडासमोर मेन्यू धरले. ताईने मान न वळवता सांगितलं, “देओलिंदा, मेन्यू उलटा धरलायस.”

आम्ही मुकाट तिच्या टेबलावर जाऊन बसलो. मला वाटलं आता थाळी अंगावर येणार. पण ती हळूच म्हणाली, “खरं सांगा, माझी कशी होते हल्ली?” मी म्हटलं, उत्तम. देओलिंदा म्हणाली, अगदी पहिल्यासारखी. ताईने आम्हा दोघांकडे पाहिलं. “खोटारडे मेले! जानेवारीपासून मला जिभेवर काही कळत नाहीये. रस्सा बिघडलाय की जीभ, ते बघायला आले इथे. ही थाळीसुद्धा मला ओल्या पुठ्ठ्यासारखी लागतेय. म्हणजे जीभच गेली.” दादा, सबंध बोंफिंला धाकात ठेवणारी ही बाई, आणि तिने मिठाची डबी बाजूला सारली. जूनमधल्या सांव जुआंवच्या सणापर्यंत कॅफे चालवीन आणि कुलूप लावीन, म्हणाली. मी म्हटलं, आम्ही आहोत ना रस्सा चाखायला. तर म्हणाली, तुम्ही? तुम्ही तर समुद्र पिऊन ‘वा ताई’ म्हणालात.

असो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: जावयाला आंदोरिन्यात ने, खांबाआड बस, आणि फिकट शर्ट घालू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
झेफेरिनु

ता. क. वरचं उत्तर खोडलं असं समज. जावई ऑगस्टात येऊ दे, तू सांव जुआंवच्या आधी ये, आणि एकटा ये. ताईला रोज सकाळी रस्सा चाखून तोंडावर खरं सांगणारा माणूस हवाय, आणि तिने नाव घेतलं ते तुझंच. “माझ्या रश्शात मीठ कमी आहे असं म्हणायची हिंमत आयुष्यात एकाच माणसाने केली. मी रश्शाचा डाव फेकून मारला, साखरपुडा मोडला, आणि तो फ्रान्सला गेला. त्याला बोलव,” असं म्हणाली. डावाची धास्ती वाटत असेल तर सणाच्या दिवशीच पोच. त्या दिवशी अख्खं गाव एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकच्या हातोड्या मारत असतं, त्यात एक डाव कुणाला कळतोय.

ता. ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ताई स्वतः येऊन गेली. उभ्या उभ्या एवढंच बोलली आणि दार न लावता जिना उतरली. तुला जसंच्या तसं कळवायला सांगितलंय, म्हणून कळवतो: त्या दिवशी मीठ कमीच होतं.