पेटीतली गुळगुळीत फळी

मी खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंदा सुतारकाम, त्यातही गेंडे एका रानातून दुसऱ्या रानात नेण्याच्या पेट्या बनवणे, आज पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो देताना त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या खुर्चीचा मागचा पाय ढिला झाला आहे हेही सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. घरादाराची वाटणी तोंडीही झाली असती. कागद करण्याचे खरे कारण कलम पाचमध्ये आहे. माझ्यामुळे एका भल्या माणसाच्या नावाला बट्टा लागला, तो पुसायचा आहे.

१. राहते घर, खाली दोन आणि वर दोन खोल्या, ही माझी स्वकष्टाची मिळकत मुलाला द्यावी. मुलाने रंध्याला कधी हात लावला नाही. तो विमा कचेरीत आहे, सुखात आहे, माझी तक्रार नाही. जिन्याची तिसरी पायरी मी मुद्दाम कुरकुरती ठेवली होती, कोण किती वाजता घरात शिरतो ते कळावे म्हणून. ती आता दुरुस्त करून घ्यावी.

२. कारखाना, पत्र्याचे छप्पर, करवतीचे यंत्र, जुना ट्रक आणि सर्व हत्यारे सुनेला द्यावीत. दोघांच्या नावे नव्हे, एकट्या सुनेच्या. पोटच्या पोराला डावलले असे नातेवाईक म्हणतील. म्हणू देत. बावीस वर्षांपूर्वी मी कपाटे करत होतो. रानाच्या कामावरच्या डॉक्टरीणबाई मापांचा कागद घेऊन आल्या. मी विचारले, “एवढ्या कपाटात ठेवणार काय?” त्या म्हणाल्या, “गेंडा.” मी पोट धरून हसलो. त्या हसल्या नाहीत. ज्या रानात चार पिढ्यांत कोणी गेंडा पाहिला नव्हता, तिथे त्यांना गेंडे पुन्हा नांदवायचे होते, आणि अकरा सुतारांनी त्यांना दारातूनच परत पाठवले होते. मी बारावा. त्या बाईंच्या चिकाटीला माझा नमस्कार.

पण धंदा धंदा झाला तो सुनेमुळे. आमच्याकडे नियम आहे: पेटी तयार झाली की ती ट्रकवर चढवायची, सून आत बसणार, दार बंद, आणि पुलापर्यंत जाऊन यायचे. ती आतून ओरडते, “बाबा, डावीकडून वारा लागत नाहीये!” किंवा “कडी वाजतेय, जनावर बिथरेल!” मग आम्ही परत पेटी उतरवतो. आजवर चौसष्ट गेंडे गेले, आणि पहिला सोडून त्रेसष्टही वेळा ती त्यांच्याआधी जाऊन आली. अशी माणसे मागून मिळत नाहीत.

३. माझा गुण्या समोरच्या फर्निचरवाल्यास द्यावा. त्याने मला वीस वर्षे ‘गेंडेवाला’ म्हणून चिडवले. त्याच्या एकाही टेबलाचा कोपरा काटकोनात नाही. गुण्या कसा धरतात ते सुनेने त्याला दाखवावे.

४. उरलेल्या फळ्यांची आम्ही स्टुले करतो आणि त्यांच्या विक्रीतून रानातल्या पहारेकऱ्यांना बूट आणि रेनकोट देतो. हे बंद पडू देऊ नये. बँकेतली माझी ठेवही त्याच कामी लावावी. मी ते रान आधीही पाहिले आहे आणि नंतरही. आधी नुसते माणूसभर उंच, मुके गवत होते. गेंड्यांनी ते चरून खाली आणले तशी हरणे आली, ते जिथे लोळले तिथे डबकी झाली, डबक्यांवर पाखरे आली. कोणी लावले नाही, कोणी पेरले नाही. माझ्या हातून एवढे मोठे काही घडेल असे मला वाटले नव्हते.

५. आता खरी गोष्ट. पहिली पेटी मी कपाटासारखी केली, कारण मला तेच येत होते. आतली जमीनसुद्धा रंधून, पॉलिश पेपर मारून, तेल पाजून आरशासारखी केली. डॉक्टरीणबाई बघून म्हणाल्या, “किती सुंदर काम!” मी फुगलो. प्रवासात एका वळणावर आतल्या मादीचे पाय घसरले, ती पडली आणि तिचा मागचा पाय कायमचा अधू झाला. पेटी उघडल्यावर सगळे विचारू लागले, असे झाले कसे? मी म्हणालो, “ब्रेक जोरात लागला असेल.”

ट्रक आमचे ड्रायव्हरदादा चालवत होते. शेजारी भरलेला पेला ठेवला तरी सांडणार नाही असा त्यांचा हात. रानाच्या कचेरीने त्यांना त्याच दिवशी जनावरांच्या कामावरून काढले. आठ दिवसांनी सून, तेव्हा नवी नवरी, पेटीत हातापायांवर शिरली, घसरली, आणि तिची हनुवटी आपटली. “बाबा, इथे उभं तरी कसं राहायचं हो?” मी त्याच दिवशी जमिनीवर आडव्या पट्ट्या ठोकल्या. तोंडातून मात्र अक्षर काढले नाही. सुनेला सगळे कळले होते. तिने माझी अब्रू ठेवली. माझ्या पश्चात हे कलम ड्रायव्हरदादांसमोर मोठ्याने वाचावे आणि सर्वांदेखत त्यांची माफी मागावी.

६. कलम पाच लिहून मी कागद तसाच कामाच्या बाकावर ठेवून जेवायला गेलो. परत येतो तो सून वाचत उभी.

“बाबा, हे तुम्ही गेल्यावर वाचायचं?”

“हो.”

“दादा तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत. ते आधी गेले तर मी कोणाला वाचून दाखवू?”

तिने ट्रकची किल्ली घेतली.

दादा गॅलरीत वाटाणे सोलत बसले होते. मी बसलो नाही, उभ्यानेच सगळे सांगितले. त्यांनी ताटली खाली ठेवली.

“म्हणजे मी ब्रेक मारला नव्हता?”

“नाही दादा. फळी गुळगुळीत होती.”

“मला आठवतच नव्हतं हो. सगळे म्हणाले, तर मारला असेन, असं धरून चाललो. त्या वळणावर पाय कुठे होता, ते रोज आठवून बघायचो.”

मी समजत होतो, त्यांचे फक्त काम गेले. नंतर त्यांनी मला दोन शिव्या दिल्या. त्या इथे लिहीत नाही, पण रास्त होत्या. मग त्यांनी सुनेला विचारले, “ती मादी जगली का?” ती म्हणाली, “आहे की. लंगडते, पण चार पिल्लं झाली तिला.” दादा टॉवेलात तोंड घालून रडले. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “उद्या कचेरीत जाते. नोंद बदलून घेते.”

७. कलम पाच खोडू नये, मुलाबाळांनी वाचावे. ट्रक सुनेऐवजी दादांच्या नावे करावा असे माझ्या मनात आले होते. वकील म्हणाले, ज्याच्या नावे काही लिहाल त्याला साक्षीदार करू नका. मी दादांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. ते म्हणाले, “ट्रक राहू दे. मला साक्षीदार कर.”

ठिकाण: कारखाना, कामाचा बाक
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता

लिहून ठेवणार: पेटीवाला (सही)

आम्ही दोघांनी एकमेकांसमक्ष आणि लिहून ठेवणाऱ्यासमक्ष सह्या केल्या:

साक्षीदार १: जनावरांच्या डॉक्टरीणबाई (सही)

साक्षीदार २: ट्रक ड्रायव्हर, निवृत्त (सही)
सहीखाली साक्षीदाराच्या अक्षरात: मी ब्रेक मारला नव्हता.