पुढचे दोन दात

१० जुलै
आखाडी झाली, लग्नं थांबली. आता तुळशीच्या लग्नापर्यंत बँडला सुट्टी. बँडची पोरं धानाच्या रोवण्याला गेली. दरसाल या दिवसांत ढोलांचं कातडं बदलतो, नवी गाणी बसवतो. यंदा त्याआधी एक काम. वरचे पुढचे दोन दात हलतात. वरातीत वाजवतो तो पितळी कॉर्नेट ओठाला टेकवला की कळ डोक्यात जाते. आत्ता काढले तर हिरडी भरायला वेळ आहे. भर वरातीत पडले तर...

१४ जुलै
नाही गेलो. पाऊस होता. म्हणजे पावसाचं निमित्त होतं. ढोलवाला मारोती म्हणे, "मास्तर, कायले भेता? डीजेवाल्याले कुठं दात लागते?" हसलो.

२२ जुलै
भंडाऱ्याला गेलो. दातांची डॉक्टरीण नातीच्या वयाची. म्हणाली, "बाबा, नवीन दातांनी चिवडासुद्धा खाल."
"अन् कॉर्नेट?"
"ते काय असतं?"
खुर्चीवरून उठणारच होतो. सौ.नं खांदा दाबून बसवलं. दोन्ही काढले. परतताना कारध्याचा पूल येईपर्यंत जीभ सारखी त्या खाचेत. सगळा सूर त्या दोन दातांच्या आधारानं उभा होता. पोरांची पोटं त्या सुरावर.

९ ऑगस्ट
संध्याकाळी पोरांना तालमीला बसवतो. नवी चाल तोंडानं सांगायला गेलो तर 'सा' नाहीच, नुसती हवा. पोरं लोळून हसली. मीही हसलो. रात्री जेवण गेलं नाही.

१६ सप्टें.
नवे दात बसले. सौ. म्हणते, "नवरदेव दिसून राहिले." पेटी उघडली, कॉर्नेट पुसला, तेल दिलं. न फुंकताच पेटी लावून टाकली.

३ ऑक्टो.
लाखांदूरकडचे एक जण पोरीच्या लग्नाचं सांगायला आले. "पोरगी म्हणते डीजे नको. तिच्या मायच्या लग्नात तुमीच होते. तुमीच वाजवता ना?"
"हो" निघून गेलं तोंडातून. वाजवून न पाहता. दुसऱ्याच्या पोरीचं लग्न, अन् मी...
ते चहा घेऊन गेले. सौ. दारात.
"हो म्हनलं न? मंग फुंका आता."
म्हटलं, उद्या मारोती आला की पाहू.
"काहून? मारोतीच्या तोंडानं फुंकता का?"
पेटी तिनंच उघडली. कॉर्नेट माझ्या डाव्या हातात दिला अन् समोर बसली, भाजी निवडत.
अजून फुंकला नाही, हातातच आहे. उजव्यानं हे लिहून राहिलो.