पांढऱ्या वेणीचं झाड

२३ मे १९९९
दाजीपूरच्या रानात गेलतो. वनस्पतीशास्त्राच्या लॅबला चिकटून सतरा वर्षं झाली, मोठे सर रानात निघाले की संगं मीच. आज सरांशेजारी नवा लेक्चरर, देसाई. मी मागं, पानंफुलं दाबून वाळवायच्या टिपकागदाच्या गठ्ठ्यात. झाडावर चढायला मात्र हा बापूच. वर मुंग्यांनी फोडून काढलं, खाली देसाई वहीत लिहितोय, सर म्हणालेत, वा. वा कुणाला, तर त्याला.

२६ मे
जेवण गेलं न्हाय. बायको म्हणाली, "निम्म्या वयाच्या माणसावर कसलं जळताय?" जळतोय तर जळतोय.
पांढरी सीतेची वेणी, झाडावर वाढणारं ऑर्किड, एकट्या मला ठाऊक हाय. बाकी सगळ्या गुलाबी ठिपक्यांच्या, ही दुधासारखी. रस्त्याकडच्या जुन्या जांभळावर, शेवाळल्या खोडाला मुळं चिकटवून बसलीय. मागल्या सालीच घावली. यंदा फुलली की सरांना दाखवणार होतो, दोघंच जाऊन. आता दाखवली की देसाईच्या नावावर.

२९ मे
तोंडातनं गेलंच. चहाला सर त्याचंच कौतुक करालते, म्हणून म्हटलं, पांढरी वेणी मी बघितलीय. सर उठून उभे. "कुठं, बापू?" देसाईनं वही काढली. ती वही बघितली अन् डोकं फिरलं. सांगितलं, ओढ्याकडच्या मोठ्या आंब्यावर.
"बापूची नजर चुकत नाही," सर त्याला म्हणाले. लिही म्हणाले.

३ जून
रानातला रस्ता रुंद होणार, कडेची झाडं जाणार. देसाईनं बांधकामाच्या हापिसात खेटे घालून ठेवायच्या झाडांची यादी दिली. पहिलाच ओढ्याकडचा आंबा. पुढं लिहिलंय, पांढरी वेणी, बापूंनी शोधली. माझं आडनावसुद्धा नीट. त्यानं लबाडी केली असती तर बरं झालं असतं.

५ जून
एस्टीनं एकटाच गेलो. आंब्याला खूण न्हाय, तो राहतोय. जांभळाला तोडायचा लाल आकडा. वेणी फुललीय, हातभर लांब दोन घोस. काढून आणावी म्हणून वर चढलो. मुळं सालीला अशी धरून, की ओढली तर तुटणारच. उतरलो.

६ जून
सांगायचं म्हणून सरांच्या घरी. देसाई तिथंच. म्हणाला, "या बापू, तुमचंच चाललंय."
सर म्हणाले, "तीस वर्षं हिंडलो, मला नाही सापडली. तुला सापडली." डोळ्यात पाणी त्यांच्या. त्या माणसाला कसं सांगू, मुद्दाम खोटं झाड दाखवलं म्हणून. चहा पिऊन आलो.
मंगळवारपासून तोड. उद्याचा एक दिवस हाय. देसाईला गाठून सांगितलं तर अजून जांभळ वाचंल...
आणि एक. झाड गेलं तर देसाईला पांढरी वेणी जन्मात दिसणार न्हाय, हे काल एस्टीतच मनात आलं. बरं वाटलं.